सुनेची भाषा उंबऱ्याबाहेर का?



आज जरा स्पष्ट बोलणार आहे, आणि तेही मुख्यतः माझ्या वयाच्या बायकांशी, म्हणजे सासवांशी. सुनांनी वाचलं तरी हरकत नाही, त्यांच्यासाठीही पुढे चार शब्द आहेत.

आपल्या समाजात सोयरीक जमवताना आपण काय काय बघतो? घराणं, शिक्षण, पगार, कांदा-बटाटा खातात का, रात्री जेवतात का. भाषा कधी बघितली नाही. बघायची गरजच नव्हती. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, चिकोडी हा आपला एकच मुलूख. सांगलीची मुलगी चिकोडीला आणि हुक्केरीची इचलकरंजीला, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, मध्ये रेषा आली, पण सोयरिकी त्या रेषेवरून इकडून तिकडे जातच राहिल्या. आता हुबळी-धारवाडच्या जोडीला जबलपूर, इंदूर, अहमदाबादही आलंय, कारण मुलं-मुली पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत भेटतात. "जैनच आहे ना, मग झालं," असं म्हणून आपण होकार देतो. चांगलंच आहे ते.

मग लग्न होतं, बाळ होतं, आणि बारशाच्या आसपास सुनेची भाषा घराला खुपायला लागते. "बाळाशी मराठीतच बोल गं, दोन-दोन भाषा कानावर पडल्या की ते गोंधळतं." "कानडी नको आत्ताच, उशिरा बोलायला लागेल." हे बोलणारी बाई दुष्ट नसते. तिला नातवाचं भलंच हवं असतं. पण ती जे बोलते ते चूक आहे, आणि त्याची किंमत तिलाही मोजावी लागते.

पुण्यातलं एक घर मला माहीत आहे. सून धारवाडकडची, शिकलेली, मराठी लग्नानंतर शिकली. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना आपल्यासारखं तो-ती-ते नसतं, त्यामुळे तिचा "खुर्ची पडला" आणि "दार उघडली" असा कारभार. त्यात तिचा काय दोष? मराठीची लिंगं भल्याभल्यांना सांभाळता येत नाहीत. पण घरचा हुकूम असा की बाळाशी फक्त मराठी. ती बिचारी आठवून आठवून बोलायची, म्हणजे कमी बोलायची. रात्री बाळ रडून उठलं की खोलीचं दार लावून हळू आवाजात कन्नडमध्ये समजूत घालायची. चोरी केल्यासारखी! मुलगा आता साडेतीन वर्षांचा आहे आणि "खुर्ची पडला" म्हणतो. आजी कपाळाला हात लावते. आता मला सांगा, ज्या मराठीसाठी एवढा अट्टहास केला, ती मराठी त्याला दिली कुणी? जिची ती भाषाच नव्हे तिच्याकडून देववली, आणि जी भाषा ती भरभरून देऊ शकली असती ती कोंडून ठेवली. हुक्केरीहून आजोळची आजी व्हिडिओ कॉल करते तेव्हा नातू "हाय अज्जी" म्हणतो आणि पळतो. ती माउली पडद्याकडे बघत "ऊटा आयता?" विचारते. जेवलास का, एवढंच. ते त्याला कळत नाही. मग तिची मुलगी मधे पडून भाषांतर करते. आजी आणि नातवाच्या मध्ये दुभाषी!

आता गोंधळाचं बघू. आपल्या घरात दोन वर्षांचं मूल णमोकार मंत्र म्हणतं. बोबडं म्हणतं, आपण मोबाइलवर काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. तो मंत्र कुठल्या भाषेत आहे? प्राकृतात. पाच वर्षांच्या पोरीकडून आपण भक्तामर पाठ करून घेतो, ते संस्कृतात. पूजा बरीचशी हिंदीत. तेव्हा कुणी म्हणत नाही की पोर गोंधळेल. प्राकृत चालतं, संस्कृत चालतं, शाळेतली इंग्रजी तर चालतेच चालते, तिच्यासाठी आपण देणगी भरतो. फक्त आईच्या तोंडचं "बा इल्ली" ऐकलं की मुलाचं डोकं बिघडतं!

दोन भाषांनी मूल मुकं होत नाही, की मागेही पडत नाही. ते "मला हालु बेकु" म्हणतं, म्हणजे मला दूध पाहिजे. तो गोंधळ नव्हे. हाताशी जो शब्द आहे तो ते वापरतं, जसं आपण "टेबल पुसून घे" म्हणतो. त्याचे शब्द मोजायचेच तर दोन्ही भाषांचे मिळून मोजा. एकाच भाषेचे मोजले तर कमी भरणारच. फ्रान्समध्ये झ्यूल रोंजा नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने घरात हेच करून बघितलं. बायको जर्मन, तो स्वतः फ्रेंच. आईने मुलाशी जर्मनच बोलायचं आणि बापाने फ्रेंचच, असं ठरवून पाळलं आणि त्यावर १९१३ साली पुस्तक लिहिलं. मुलाला दोन्ही भाषा नीट आल्या. म्हणजे शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. मूल खरोखरच बोलत नसेल, हाकेला बघत नसेल, तर कान तपासून घ्या, डॉक्टरांकडे न्या, वेळ घालवू नका. पण त्याचं खापर आईच्या भाषेवर फोडू नका.

मी कॉमर्सची. माझ्या लक्षात आलंय की लोक मुलाच्या डोक्याचा हिशेब खतावणीसारखा मांडतात. कन्नडच्या खात्यात भर पडली म्हणजे मराठीच्या खात्यातून तेवढं वजा झालं. तसं होत नाही. कमी पडतात ते दिवसाचे तास. पुण्यातलं मूल सकाळी नऊला पाळणाघरात जातं आणि सहाला येतं. तिथे हिंदी, इंग्रजी, थोडी मराठी. घरी आल्यावर झोपेपर्यंत तीन तास. त्या तीन तासांत जी भाषा त्याच्याशी बोलली जाईल ती त्याची होणार, बाकीच्या फक्त ओळखीच्या राहणार. म्हणून घरात वाद घालायचाच असेल तर या तासांवर घाला.

आणि तो वाद सोपा आहे. जी भाषा दाराबाहेर आहे तिची काळजी करू नका. पुण्यात, कोल्हापुरात, इचलकरंजीत मराठी वाण्याच्या दुकानात आहे, रिक्षात आहे, खालच्या मजल्यावरच्या पोरांत आहे. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत मराठी सक्तीची आहे. तिला राखणारे पुष्कळ आहेत. तिथे कन्नडला राखणारी एकच बाई आहे आणि आपण तिलाच गप्प करतो. उलट तुमचा मुलगा बंगळुरूत असेल तर तिथे मराठी एकटी आहे. तिथे मराठीला तास पाहिजेत, आणि ते मुलाच्या बापाने द्यायचे आहेत. श्वेतांबर मैत्रिणींनाही हेच सांगेन. मुंबईतल्या कच्छी घरांत तर अजून कठीण, कारण कच्छीची कुठे शाळाच नाही. ती घरात बोलली तरच आहे.

यावर एक नवा तोडगा निघालाय, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. ना तुझी ना माझी, म्हणून इंग्रजी. कुणालाच कमीपणा नको, भांडण नको, शाळेलाही बरं. "बेटा, कम हिअर, पोहे फिनिश कर, मस्ती नको करू." ही कुठली भाषा? आईबापांची इंग्रजी ऑफिसातली असते. तिच्यात मीटिंग चालते. तिच्यात मुलाला रागावता येत नाही, लाडात घेता येत नाही, ताप आला तर कपाळावर हात ठेवून काही बोलता येत नाही. आणि त्यात दोन्ही आज्या एकदमच परक्या होतात, चिकोडीचीही आणि सांगलीचीही. भांडण टाळायला दोघींनाही घराबाहेर काढायचं, हा कुठला न्याय?

सीमाप्रश्नाचंही बोलून टाकते, कारण काही घरांत खरं दुखणं ते असतं. "आपण मराठी माणसं, आपल्या घरात कानडी कशाला?" तो खटला सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे, तिथेच राहू दे. स्वयंपाकघरात त्याची सुनावणी नको. २०२५ साली पहिलीपासून हिंदी असा शासन निर्णय निघाला तेव्हा आपल्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर किती आग पेटली होती! लहान लेकरांवर भाषा लादू नका म्हणून. जूनअखेर सरकारने तो मागे घेतला तेव्हा पेढेही वाटले गेले. मला तेव्हाच वाटलं, आपल्या सुनेवर आपण काय लादतोय ते कुणी बोलतच नाही. तूप आपल्याकडे तूप आणि त्यांच्याकडे तुप्प. अण्णा, अक्का, आप्पा तिकडेही तेच. एवढं परकं काय आहे त्यात?

आणि आपण तर जैन आहोत. समवसरणात देव, माणसं, पशुपक्षी सगळे बसलेत आणि दिव्यध्वनी प्रत्येकाला आपापल्या भाषेत समजतोय, हे आपण पाठशाळेत पोरांना चित्र दाखवून शिकवतो. महावीर भगवंतांचा उपदेश पंडितांच्या संस्कृतात नाही, लोकांच्या अर्धमागधीत. कन्नडचा आदिकवी म्हणतात तो पंप आपला, त्याने ९४१ साली आदिपुराण कन्नडमध्ये लिहिलं. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायाशी शिलालेख आहेत ते कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांत. आपण तिथे जातो, मराठी ओळीचा फोटो काढतो, अभिमानाने पाठवतो. शेजारच्या दोन भाषांतल्या ओळी तेवढ्याच जुन्या घरच्या आहेत.

चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज भोज गावचे, कन्नड मुलखातले. कुंथलगिरीला १९५५ साली सल्लेखनेच्या काळात त्यांनी जो अखेरचा उपदेश केला तो मराठीत. आणि चिकोडी तालुक्यातलं सदलगा हे एकच गाव बघा. डॉ. आ. ने. उपाध्ये १९०६ साली तिथे जन्मले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवत राहिले. कन्नड, मराठी, इंग्रजी, संस्कृत, प्राकृत सगळीकडे त्यांचा संचार. त्याच गावात १९४६ साली आचार्य विद्यासागर महाराज जन्मले, शाळा कन्नडमध्ये झाली, आणि 'मूकमाटी' हे महाकाव्य लिहिलं ते हिंदीत. या दोघांच्या आयांना कुणी सांगितलं असतं, एकच भाषा बोल नाहीतर पोर गोंधळेल, तर?

आता सुनांना. तुमची भाषा बोलायला परवानगी मागू नका. आंघोळ घालताना, भरवताना, झोपवताना जे तोंडाला येतं तेच बोला, आणि रोज बोला. आठवड्यातून एकदा कन्नडची शिकवणी, असं काही होत नाही. मूल मराठीत उत्तर देईल, देऊ दे, तुम्ही आपली भाषा सोडू नका. पाहुण्यांसमोर "काकूंना कानडीत म्हणून दाखव" असला तमाशा करू नका, आणि कुणी केला तर थांबवा. मूल लाजलं की ती भाषा मिटते. उन्हाळ्यात माहेरी तीन आठवडे तरी न्या, तिथल्या पोरांत सोडा आणि स्वतः जरा बाजूला राहा. आणि सासूशी मराठी बोला. तिची भाषा तुम्ही शिकलात हे तुमचं मोठेपण आहे, पण तिलाही चार शब्द शिकवा. नातवाच्या निमित्ताने "नीरु", "साकु", "बेडा" एवढं जरी आजीला आलं तरी घर हलकं होतं. मी बघितलंय. नातू आजीचे उच्चार सुधारतो आणि दोघं हसतात.

बापांनो, तुम्ही हे वाचत नाही, तरी लिहिते. मराठी टिकवायची असेल तर आईला आणि बायकोला भांडायला लावून स्वतः लॅपटॉप उघडू नका. अर्धा तास मुलाशी बोला.

आमच्या बस्तीच्या पाठशाळेत एक विषय निघालाय. दसलक्षण पर्वात मुलं बाहुबलींची कथा सांगणार आहेत. मी सुचवलं की ज्याच्या आईची जी भाषा त्या भाषेत त्याने सांगावी. आमच्याकडे चार मुलं कन्नडची आहेत, दोन बुंदेलखंडच्या आयांची, एक गुजरातीची. दोन भगिनींनी हरकत घेतली की लोकांना कळणार नाही, कार्यक्रम लांबेल. सगळ्यांना पाठ असलेल्या कथेत न कळण्यासारखं काय आहे, ते मला अजून समजलेलं नाही. रविवारी अभिषेकानंतर बैठक आहे. ज्या सुनांची मुलं पाठशाळेत येतात त्यांनी त्या दिवशी मागे भांड्यांपाशी थांबू नये, पुढे येऊन बसावं. भांडी आम्ही म्हाताऱ्या बघून घेऊ.