निर्दोष चालकाची खंत

अपघाताची बातमी वाचताना आपली दृष्टी प्रथम मृतांच्या संख्येवर जाते, मग जखमींच्या, आणि अखेर एका ठराविक वाक्यापाशी येऊन थांबते : ‘चालकावर गुन्हा दाखल करण्यात आला असून पुढील तपास चालू आहे.’ तेथे बातमी संपते. त्या चालकाचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. मद्य पिऊन अथवा बेफामपणे गाडी हाकणाऱ्याची कीव करण्याचे कारण नाही. त्याचा हिशेब न्यायालय करील. परंतु ज्याने नियम पाळला, वेग आवरला, आणि तरीही ज्याच्या गाडीखाली एक जीव गेला, त्याचा विचार कोणी करावयाचा?

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघातांची नोंद झाली आणि त्यांत १,६८,४९१ माणसे प्राणास मुकली, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा अहवाल सांगतो. यांतील प्रत्येक अपघातात निदान एक चालक होताच, आणि त्यांतले कितीतरी जण देहाने सुखरूप घरी परतले. आपल्या माळव्यातील मराठी घरांना हा विषय परका नाही. लग्नकार्य असो, कुळधर्म असो की कोणाचे दिवसकार्य, आपण मानपूर ओलांडतो, सेंधव्यापुढचा बिजासनचा घाट उतरतो आणि धुळे-नाशिकची वाट धरतो. गाडी बहुधा घरातलेच कोणीतरी चालवीत असते.

इंदूरच्या राजवाड्याजवळील आडा बाजाराच्या नावामागे एक दंतकथा सांगितली जाते. मालेराव होळकरांच्या रथाखाली एक वासरू सापडले आणि रथ न थांबता पुढे गेला. वासरापाशी बसून राहिलेली गाय अहिल्याबाईंनी पाहिली, चौकशी केली आणि मुलाला तशीच शिक्षा देण्यास त्या स्वतः रथावर चढल्या. तेव्हा तीच गाय रथाला वारंवार आडवी आली. कथा अहिल्याबाईंच्या न्यायाची आहे, म्हणून आपण ती मुलांना सांगतो. पण तिच्यात दोन गोष्टी आणखी आहेत. रथ थांबला नाही, हा एक अपराध. आणि जिचे सर्वस्व गेले तीच सूडाच्या आड आली, ही दुसरी. या दोन्हींचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आला. मुलगा अभ्यासात चांगला, घर बदललेले नाही, बदलीची नोकरी नाही. मग दाखला कशाला? बराच वेळ तो बोलला नाही. चहा आला, निवला. मग म्हणाला, “सर, शाळेकडे येताना ती जागा लागते.” उभ्या असलेल्या ट्रकच्या पुढून एक सायकलस्वार एकाएकी रस्त्यात आला होता. याने त्याला स्वतःच्या गाडीत घालून रुग्णालयात नेले. तो म्हातारा तिसऱ्या दिवशी गेला. पंचनामा झाला, जबाब झाले, चौकशीत याचा दोष निघाला नाही. घरचे सगळे एकच वाक्य सांगत होते : “तुझी चूक नव्हती ना? मग विसर आता.” आणि नेमके तेवढेच त्याला जमत नव्हते. ब्रेक लागण्यापूर्वीचा क्षण त्याला रोज रात्री दिसे, आणि त्या क्षणात आपल्याजवळ पुष्कळ वेळ होता, आपण गाडी वळवू शकलो असतो, असे त्याला वाटे.

हे ‘पुष्कळ वेळ होता’ म्हणजे काय, ते पाहण्यासारखे आहे. २००७ साली अमेरिकेतील डेव्हिड ईगलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांना ३१ मीटर उंचीवरून पाठमोरे खालच्या जाळ्यात सोडण्यात आले. आपले पडणे किती वेळ चालले, असे विचारता त्यांनी सांगितलेला काळ दुसऱ्यांच्या पडण्याच्या अंदाजापेक्षा सरासरी ३६ टक्क्यांनी अधिक भरला. परंतु पडत असताना मनगटावरील यंत्रातले झरझर बदलणारे आकडे काही त्यांना एरवीपेक्षा अधिक चांगले वाचता आले नाहीत. म्हणजे भयाच्या क्षणी काळ मंदावत नाही. त्या क्षणाची आठवण तेवढी लांबते. अपघातानंतर चालक स्वतःवर जो खटला चालवितो त्यातील मुख्य साक्षीदार ही लांबलेली आठवण असते, आणि ती साक्ष खोटी असते.

खरी साक्ष गणिताची. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. संकट डोळ्यांनी पाहून, मेंदूने ओळखून, पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी सोळा-सतरा मीटर गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर थांबावयास त्यापुढे आणखी आठ-नऊ मीटर लागतात. सायकल दहा मीटरांवर आली होती. पाय ब्रेकपर्यंत पोहोचण्याआधीच सारे होऊन गेले होते. हा हिशेब मी त्याला कागदावर करून दाखविला. त्याने तो नीट पाहिला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, “पटतंय सर. पण गाडी माझीच होती ना?”

या प्रश्नाला गणितात उत्तर नाही. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली ‘नैतिक दैव’ या विषयावर लिहिताना नेमके असेच उदाहरण घेतले होते : कोणताही दोष नसताना ज्याच्या ट्रकखाली मूल सापडले असा चालक. पाहणाऱ्यांनाही दुःख होते. पण चालकाचे दुःख त्याहून निराळे असते, कारण ते त्याच्या हातून घडलेले असते. या भावनेला विल्यम्सनी वेगळे नाव दिले. मराठीत तिला आपण ‘कर्त्याची खंत’ म्हणू. ज्याला अशा प्रसंगी काहीच वाटले नाही, त्याच्याकडे पाहून आपणच चमकू. तेव्हा ही खंत म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे, तर माणूस जागा असल्याची खूण आहे.

आपल्याकडे ही खंत फार जुनी आहे. शरयूच्या काठी अंधारात घागर भरण्याचा आवाज ऐकून हत्ती पाणी पीत आहे असे समजून दशरथाने बाण सोडला. शब्दवेधाचा अभिमान हा त्याचा दोष होताच, पण मनुष्यवधाचा हेतू नव्हता. बाण लागल्यावर त्याने काय केले, हे अधिक महत्त्वाचे आहे. अंधार होता, साक्षीदार कोणी नव्हता, तरी तो पळाला नाही. तीच घागर भरून घेऊन तो आंधळ्या माता-पित्यांपुढे गेला आणि आपण कोण व आपल्या हातून काय घडले, ते त्याने स्वतः सांगितले. वाल्मीकींचा वृद्ध तपस्वी त्याला म्हणतो, की हे तू आपल्या तोंडाने सांगितले नसतेस तर तुझ्या मस्तकाच्या ठिकऱ्या झाल्या असत्या. शाप चुकला नाही, हे खरे. पण मस्तक वाचले ते सांगण्याने. पुढे दशरथाने ही गोष्ट मनात दडपून ठेवली असावी. कौसल्येला ती तो सांगतो, तेही रामाच्या वनवासानंतर, आयुष्याच्या शेवटच्या रात्री.

आजचा कायदाही थांबावयास आणि सांगावयासच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १३४ व्या कलमाप्रमाणे जखमीला जवळच्या वैद्याकडे अथवा रुग्णालयात पोहोचविणे हे चालकाचे कर्तव्य आहे. घटनास्थळी पोलीस नसतील तर शक्य तितक्या लवकर, व कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या ठाण्यावर खबर दिली पाहिजे. विमा कंपनीलाही कळविले पाहिजे. जमावाच्या क्षोभामुळे जखमीला नेणे अशक्य झाले, तर कायदा तेवढी सवलत देतो. जानेवारी २०२४ च्या आरंभी ट्रकचालकांनी संप केला आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. खबर न देता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद नव्या न्याय संहितेत होती. थांबलो तर जमाव मारील, असे चालकांचे म्हणणे होते. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. चालकाने थांबावे असे वाटत असेल, तर त्याला थांबता येईल इतका संयम रस्त्यावरच्या आपणा सर्वांना दाखवावा लागेल. ती गाय आडवी आली होती, हे आठवावे.

उरला प्रश्न घरच्यांचा. अपघात करून आलेल्या माणसाभोवती आपली मंडळी गोळा होतात, आणि ‘कसे झाले?’ हा प्रश्न दहा तोंडांनी विचारला जातो. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अपघातग्रस्तांना लगेच बसवून त्यांच्याकडून सर्व हकीकत एकदाच वदवून घेण्याचा उपाय तपासला. आरंभी ज्यांचे मन अधिक हादरले होते, त्यांची स्थिती अशा उपायाने तीन वर्षांनंतरही वाईटच राहिली होती. ज्यांना तसे बोलते केले नाही ते बरे सावरले. तेव्हा खोदून विचारू नये. तो स्वतः बोलेल तेव्हा मात्र सारे ऐकावे, आणि ‘विसर’ असे म्हणू नये. जेवणखाण, झोप, सोबत एवढे पुरे. दचकून उठणे, तीच दृश्ये दिसणे, ती वाट टाळणे हे पहिले काही आठवडे स्वाभाविक आहे. महिन्याहून अधिक टिकल्यास तो आघातोत्तर विकार असू शकतो. मनोविकारतज्ज्ञांनी त्याला १९८० साली स्वतंत्र नाव दिले आणि त्यावर चांगले उपचार आहेत. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे.

निर्दोष ठरणे हा पंचनाम्याचा विषय आहे. हलके होणे हा माणसांचा. कायदा पहिले काम करू शकतो. दुसरे करावयास घरात कोणीतरी असे असावे लागते, ज्याच्यापुढे आयुष्याची शेवटची रात्र येण्याआधीच सारे सांगता येईल.