गाडी चार्ज होईपर्यंत बाईने थांबायचं कुठे?

विजेच्या गाडीने लांबचा प्रवास म्हटला की चर्चा होते ती बॅटरीची. ती बाईचीही व्हायला हवी.

डहाणू-तलासरीत काम करताना राष्ट्रीय महामार्ग ४८ शी माझी रोजची गाठ. राज्याच्या २०२५ च्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्राचं उद्दिष्ट आहे. चांगलंच आहे. पण पेट्रोल पाच मिनिटांत भरतं; बॅटरीला वेगवान चार्जरवरही अर्धा-पाऊण तास लागतो. रात्री एकटीने गाडी चालवणाऱ्या बाईने तेवढा वेळ कुठे बसायचं? उजेड, पाणी, आतून कडी लागणारा संडास, कामाला एखादी बाई, एवढं असेल तर ती मुंबईहून सुरतेला एकटी निघेल. नाहीतर ‘कुणालातरी सोबत घे’ हे आलंच!

आणि वीज कुणाची? १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला, तरी १९९५ मध्ये इथलं ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र सुरू झालं. वीज मुंबईला, राख इथे. शहरातली गाडी धूर सोडत नाही म्हणतात. तो इथल्या धुराड्यातून निघतो.

त्याच महामार्गावर आदिवासी बाया डोक्यावर पाटी घेऊन जीपची वाट बघत उन्हात उभ्या असतात. केंद्रातला संडास, पाणी, बाकडं त्यांनाही फुकट खुलं हवं, आणि तिथली नोकरी पाड्यावरच्या मुलींना. हे अनुसूचित क्षेत्र आहे, १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. पुढच्या ग्रामसभेत बायांनीच हा ठराव मांडावा.