पाण्याची रोजकीर्द

दिवस मावळला की दुकानदार रोजकीर्द लिहितो. किती आले, किती गेले आणि शिल्लक काय उरली, हे जाणल्यावाचून त्याला उद्याचा व्यवहार करता येत नाही. पाणी तर पैशाहूनही मोलाचे. परंतु शेताला ते देताना असा हिशेब क्वचितच ठेवला जातो. शेजाऱ्याने पाणी सोडले म्हणून, वार ठरलेला आहे म्हणून, अथवा पुढे मिळेल न मिळेल या भीतीपोटी पाणी दिले जाते. पिकाला तहान लागली आहे काय, हा प्रश्न मागेच राहतो.

शेतातील पाण्याचा खर्च दोन वाटांनी होतो. काही पाणी मातीवरून वाफ होऊन जाते; काही मुळांवाटे वर चढून पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून हवेत मिसळते. ऊन, वारा आणि हवेचा कोरडेपणा यांप्रमाणे हा खर्च रोज बदलतो. तो अजमावण्यासाठी बाष्पीभवनपात्र वापरतात. हे पत्र्याचे गोल पात्र सुमारे 120 सेंटिमीटर रुंद व 25 सेंटिमीटर खोल असते. पशुपक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून त्यावर जाळी बसवितात. त्यातील पाणी किती मिलिमीटर उतरले, हे रोज सकाळी मोजतात. कोवळ्या पिकाच्या शेतात या आकड्याच्या सुमारे एक तृतीयांश पाणी खर्च होते. भरात येऊन जमीन झाकणाऱ्या पिकाला तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक लागते.

मिलिमीटर हे माप दिसायला लहान आहे. परंतु एका एकरावर पसरलेले एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 4,000 लिटर!

समजा, एखाद्या मध्यम काळ्या जमिनीत पिकाला अपाय न होता 60 मिलिमीटर पाणी खर्च होऊ देता येते. थंडीतील गहू रोज 4 मिलिमीटर पाणी घेत असेल, तर ही शिल्लक 15 दिवस पुरेल. उन्हाळी भुईमूग रोज 6 मिलिमीटर घेत असेल, तर ती 10 दिवसांतच संपेल. मध्येच 12 मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरला, तर भुईमुगाची पाळी दोन दिवस लांबविता येईल. हलक्या मुरमाड जमिनीत शिल्लक 24 मिलिमीटरच असेल, तर त्याच भुईमुगाला चार दिवसांनी पाणी द्यावे लागेल. मग एकच ठरलेला वार सर्व शेतांना कसा लागू पडावा?

जास्त पाणी दिल्याने काय बिघडते, असे पुष्कळांना वाटते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. म्हणूनच जाणते शेतकरी वाफशाला एवढे महत्त्व देतात. जादा पाणी खत धुऊन खाली नेते. निचरा नसेल तर भूजल वर चढते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. सांगली-कोल्हापूर भागातील नदीकाठची पुष्कळ कसदार जमीन अशीच क्षारपड झाली. शिवाय कालव्याच्या मुखाशी वाया गेलेले पाणी हा टोकाच्या शेतकऱ्याच्या तोंडचा घास असतो.

यावर शेतकरी म्हणेल, "कालव्याचे पाणी माझ्या वहीप्रमाणे थोडेच येते? पाळी आली की घ्यावेच लागते." हे म्हणणे खोटे नाही. उद्याचा भरवसा नसलेला मनुष्य आजच रांजण काठोकाठ भरणार. त्यामुळे सारा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कालवा चालविणाऱ्यांनीही पिकांचा रोजचा खर्च पाहून पाळ्या आखाव्यात आणि जाहीर केलेली तारीख पाळावी. दोन्ही बाजूंनी हिशेब चोख असेल, तरच विश्वास वाढेल.

केवळ कागदावरही विसंबू नये. दुकानदार गल्ल्यातील रोकड मोजून कीर्द ताडून पाहतो. तसे शेतकऱ्याने मुळांच्या खोलीवरील माती मुठीत दाबून पाहावी. काळ्या मातीचा गोळा सहज वळला तर शिल्लक आहे. ती विखुरली तर पाळीची वेळ आली. यासाठी मोठे यंत्र लागत नाही; वही, पेन्सिल आणि रोजची थोडी निगराणी पुरेशी होते. ज्या गावात प्रत्येक घरी अशी कीर्द लिहिली जाईल, त्या गावाच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचण्याची आशा धरता येईल.