पाडव्याचा वारा
पणतीला काडी लावताना आपण आधी दार लोटून घेतो. वाऱ्याशी आपले वैर तेवढेच! 8 नोव्हेंबर 2018, आपला पाडवा. त्या दिवशी कॅलिफोर्नियातील पॅरडाइज (नाव नंदनवनाचे!) हे डोंगरावरचे गाव वाऱ्याने जाळले. तिकडचा पाऊस हिवाळ्यातला, तो लांबलेला. पाइनची पाने खडखडीत वाळलेली, आणि फेदर नदीच्या दरीतून सुसाट सुटलेला कोरडा वारा. विजेच्या तारेपाशी ठिणगी पडली. निखारे आगीच्या कितीतरी पुढे उडत गेले. गावचे बंबवाले मूठभर. त्यांनी विझवणे सोडले, घरे जळू दिली आणि माणसे बाहेर काढली. याला कोणी माघार म्हणेल; मला नाही तसे वाटत. तरी 85 माणसे गेलीच. आणि दुसऱ्यांची दारे ठोठावणाऱ्या त्या जवानांपैकी कित्येकांची स्वतःची घरेही त्याच आगीत गेली.