कच्चा खर्डा कोण वाचणार?

पॉटरी झाली, झुम्बा झाला, साल्साचे दोन क्लास बुडवून झाले. आता वीकेण्डला काय? तर क्रिएटिव्ह रायटिंग! व्हॉट्सअॅपवर आठवड्याला एक तरी पोस्टर येतंच. मागे जुना टाइपरायटर, शेजारी कॉफीचा वाफाळता मग, वर हनुवटीला हात लावून बसलेले कुणी नामवंत लेखक आणि खाली 'दोन दिवसांत कथा लिहा'. फी म्हणाल तर एखाद्या बऱ्या मोबाइलच्या हप्त्याएवढी. त्यात जेवण आणि सर्टिफिकेट आलं.

मला या कार्यशाळांची टिंगल करायची नाहीये. दिवसभर एक्सेल शीटमध्ये डोकं घालून बसणाऱ्या माणसाला रविवारी कुणीतरी "तुला काय लिहायचंय?" असं विचारत असेल, तर त्याचे पैसे मोजायला काहीच हरकत नाही. फक्त पैसे भरण्याआधी आयोजकांना एक प्रश्न विचारा. माझा कच्चा खर्डा कोण वाचणार, आणि किती वेळा?

बहुतेक ठिकाणी या प्रश्नावर समोरचा जरा गडबडतो. "सर मार्गदर्शन करतील ना!" असं उत्तर येतं. सर मार्गदर्शन करतातच. सरांचे किस्से तर सॉलिड असतात. पण किस्से ऐकणं वेगळं आणि आपलं पान कुणीतरी पेन घेऊन वाचणं वेगळं.

माझी एक मैत्रीण गोरेगावला राहते आणि चर्चगेटला एका बँकेत आहे. तिच्याकडे अशी तीन सर्टिफिकिटं आहेत आणि एक कथा आहे, सव्वीस पानांची. सगळी लेडीज डब्यात, मोबाइलवर, अंगठ्यानं लिहिलेली. वडिलांची नोकरी जाते आणि आई ते चाळीत कुणाला कळू देत नाही. वडील रोज डबा घेऊन बाहेर पडतात, संध्याकाळी परत येतात. दोन वर्षं! कथेतल्या मुलीला हे सगळं माहीत असतं. वाचताना पोटात गोळा येतो. पण एकोणिसाव्या पानावर, जेव्हा शेजारच्या काकूंना हे कळतं, तेव्हा मैत्रीण चार ओळींत तो प्रसंग उरकते आणि थेट दहा वर्षांनंतरच्या लग्नात जाते. का? कारण तो प्रसंग लिहायला तिला जड जातंय. हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. तीन कार्यशाळांनी तिला 'कॅरॅक्टर आर्क' शिकवला, 'कॉन्फ्लिक्ट' शिकवला. एकोणिसावं पान कुणीच वाचलं नाही. तिसऱ्या ठिकाणी पंचवीस जण होते आणि प्रत्येकाला पाच मिनिटं. पाच मिनिटांत माणूस तिसऱ्या पानापर्यंत पोचला तरी खूप.

मराठीत हे पान वाचणारं खातं पूर्वी होतं. कार्यशाळा हा शब्दही तेव्हा फारसा कुणी वापरत नव्हतं. गिरगावातल्या खटाववाडीत 'मौज'चं ऑफिस आणि तिथून निघणारं 'सत्यकथा' मासिक. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिथले संपादक. नव्या लेखकाची कथा आली की नुसतं 'साभार परत' नाही. कुठे सैल पडलीय, कुठलं पात्र उपरं वाटतंय, शेवट का पटत नाही, यावर पत्रं जायची. कथा परत यायची, पुन्हा जायची. फी शून्य. आजच्या भाषेत याला 'वन ऑन वन मेंटॉरिंग' म्हणतील आणि जीएसटी लावतील.

आता हेही सांगते, सगळं काही गोडगोड नव्हतं. एकाच टेबलावरून मराठी साहित्याची चव ठरतेय, असं अनेक तरुण लेखकांना वाटत होतं. 1969 मध्ये लिटल मॅगझिनवाल्या तरुणांनी 'सत्यकथा'ची होळी केली. राजा ढालेंचं 'सत्यकथेची सत्यकथा' हे त्याच भांडणातलं. म्हणजे मेंटॉरशी भांडायचीही आपल्याकडे परंपरा आहे, हे ध्यानात ठेवलेलं बरं. पण भांडायला तरी समोर कुणी वाचणारा लागतो! 1982 मध्ये 'सत्यकथा' बंद पडलं. त्या टेबलाची जागा मग पूर्णपणे कुणीच घेतली नाही.

गोरेगाव स्टेशनला उतरलात की या विषयाची दोन टोकं दिसतात. पूर्वेला दादासाहेब फाळके चित्रनगरी, म्हणजे आपली फिल्म सिटी. 1977 साली सुरू झालेली. तिच्याच आवारात 2006 पासून सुभाष घईंचं व्हिसलिंग वूड्स आहे आणि तिथे पटकथालेखन रीतसर शिकवतात. फी लाखांत. नोकरी सोडून पूर्णवेळ शिकायची तयारी आणि बापाचा किंवा बँकेचा आधार असेल तर जरूर जा. पश्चिमेला आरे रोडवर केशव गोरे स्मारक. मृणालताई गोरेंच्या पतीच्या नावानं उभी राहिलेली ही वास्तू. तिच्या सभागृहात आंदोलनाच्या बैठकांपासून पुस्तकांवरच्या चर्चांपर्यंत सगळं होत आलंय. इथे कुणी सर्टिफिकेट देत नाही. पण चार माणसं आपलं म्हणणं ऐकून घेतील, असं वातावरण आहे.

या दोन टोकांच्या मध्ये मात्र एक धोक्याचं वळण आहे. मालिकांचं जग इथून हाकेच्या अंतरावर. एखादे सीनिअर म्हणतात, "ये माझ्याकडे, शिकशील. आजच्या एपिसोडचे डायलॉग तेवढे लिहून दे." तुम्ही लिहिता. रात्री दोनला मेल करता. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सहा महिन्यांनी पडद्यावर नाव सीनिअरचं आणि तुमच्याकडे फक्त 'सेण्ट आयटम्स'. हे शिकणं नव्हे बॉस, ही बिनपगारी नोकरी झाली. ओळख नीट करायची असेल तर अंधेरीतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन गाठा, पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन. सभासद झालात की कथा-पटकथा नोंदवून ठेवता येते. आपलं लिखाण कुणाला दाखवण्याआधी नोंदवणं हा काही अविश्वास नाही. बँकेत लॉकर घेतो तसंच ते.

मग खरं मेंटॉरिंग दिसतं कसं? आपल्याच मुंबईच्या चैतन्य ताम्हाणेचं उदाहरण घ्या. 'कोर्ट' 2014 मध्ये व्हेनिसला गाजला. त्यानंतर 2016-17 साली रोलेक्सच्या गुरू-शिष्य योजनेत त्याची निवड झाली आणि गुरू मिळाले मेक्सिकोचे दिग्दर्शक अल्फोन्सो कुआरोन. ते तेव्हा 'रोमा' करत होते. चैतन्य त्यांच्या सेटवर राहिला, काम बघत राहिला. पुढे त्याचा 'द डिसायपल' आला तेव्हा कुआरोन त्याचे कार्यकारी निर्माते होते. 2020 मध्ये व्हेनिसला या मराठी सिनेमाला उत्कृष्ट पटकथेचं पारितोषिक मिळालं. गंमत बघा, सिनेमाचा विषयच शास्त्रीय संगीतातला गुरू आणि शिष्य. आणि ते नातं अजिबात गोंडस नाही दाखवलेलं.

ठीक आहे, रोलेक्स आपल्या मनगटावरही नाही आणि नशिबातही नाही. पण जवळचे रस्ते आहेत. एनएफडीसीची स्क्रीनरायटर्स लॅब 2007 मध्ये सुरू झाली. तिथे मोजक्याच पटकथा निवडतात, अनुभवी लेखक त्या वाचतात आणि लेखकाला पुन्हा लिहायला पाठवतात. 'तितली' आणि 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' या लॅबमधून गेलेल्या. नाटकवाल्यांसाठी रेज प्रॉडक्शन्सनं लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरबरोबर 'रायटर्स ब्लॉक' केलं. पहिला महोत्सव 2004 चा. कार्यशाळा, मग खर्डे, मग पुन्हा खर्डे आणि शेवटी नाटक थेट रंगमंचावर. 2012 च्या महोत्सवात पूर्वा नरेशच्या 'ओके टाटा बाय बाय'बरोबर धर्मकीर्ती सुमंतचं 'गेली एकवीस वर्षं' हे मराठी नाटकही होतं. या दोन्हींत एक गोष्ट समान. पहिल्या भेटीनंतर लेखकाला घरी पाठवतात आणि काही काळानं पुन्हा बोलावतात. मधल्या काळात लिहायचं ते आपणच.

सरकारी खिडकीही आहे. राज्याचं साहित्य आणि संस्कृती मंडळ 1960 पासूनचं. त्यांची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी असते आणि नवलेखकांच्या कार्यशाळाही होतात. केंद्राची पीएम-युवा योजना 2021 ला आली, नॅशनल बुक ट्रस्ट ती राबवतं. तिशीच्या आतल्या 75 लेखकांची पहिली बॅच. महिना 50,000 रुपये, सहा महिने, शिवाय मार्गदर्शक. मराठीत लिहिलेलंही चालतं. 2025 च्या तिसऱ्या फेरीत जागा 50. ऐकायला एकदम सही! पण विषय त्यांनी ठरवलेले असतात. पहिल्या वेळी स्वातंत्र्यलढा होता, दुसऱ्या वेळी लोकशाही. डबा घेऊन रोज बाहेर पडणाऱ्या बापाला तिथे जागा नाही.

तर मैत्रिणीनं काय केलं? तिनं चौथी कार्यशाळा रद्द केली. त्या पैशात सव्वीस पानांच्या सहा झेरॉक्स काढल्या आणि सहा जणांना दिल्या. त्यात तिच्या बँकेतले एक वयस्कर कॅशिअर काका होते, रोज ट्रेनमध्ये दिवाळी अंक वाचणारे. अट एकच. 'छान आहे' म्हणायचं नाही, जिथे कंटाळा आला तिथे फक्त काट मारायची. काकांनी एकही काट मारली नाही. एकोणिसाव्या पानाच्या समासात मात्र पेन्सिलीनं लिहिलं, 'काकू नेमक्या काय म्हणाल्या?'

आता ती ते पान लिहितेय. गेल्या रविवारी सात ओळी झाल्या आणि त्यातल्या चार तिनं खोडल्या.

तुमच्याकडेही असं एखादं पान असेल तर दिवाळी अंकांचं गणित लक्षात ठेवा. दरवर्षी शेकड्यांनी अंक निघतात आणि संपादक पावसाळ्याच्या तोंडाशीच मजकूर गोळा करायला लागतात. गणपतीत जाग येऊन उपयोग नाही. एका वेळी एकाच अंकाला पाठवा, युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा आणि सोबतच्या पत्रात सर्टिफिकिटांची यादी देऊ नका. टपालानं धाडत असाल तर एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.