आधी निगा, मग नखरे

मॉडिफिकेशन म्हटलं की आपल्या होस्टेलवर पहिला विषय निघतो तो सायलेन्सरचा. दुसरा बीएचपीचा. तिसऱ्या विषयापर्यंत चर्चा सहसा जातच नाही, कारण तोवर कुणीतरी लॅपटॉपवर 'नीड फॉर स्पीड' लावलेलं असतं. त्या गेममध्ये सगळं सोपं आहे. पैसे जमले की टर्बो घ्यायचा, मग एक्झॉस्ट, मग नायट्रस. ऑइल कधी बदलावं लागत नाही, रेडिएटर कधी गळत नाही, आणि भिंतीवर आपटलेली गाडी पुढच्या रेसला नवीकोरी होऊन उभी असते.

माझं म्हणणं असं आहे की आपल्यापैकी बऱ्याच जणांचं गाड्यांबद्दलचं इंजिनिअरिंग त्या गेममध्येच अडकलं आहे. आणि हे मी मेकॅनिकलवाल्यांनाही धरून म्हणतेय! गाडीची पॉवर वाढवणं म्हणजे हुशारी आणि तिची देखभाल करणं म्हणजे गॅरेजवाल्याचं काम, अशी सरळ वाटणी आपण करून टाकली आहे. प्रत्यक्षात ज्याला गाडी मॉडिफाय करायची आहे, त्याला साध्या मालकापेक्षा दुप्पट देखभाल यायला हवी. का, ते एका गाडीच्या उदाहरणाने सांगते.

गाडी आहे माझदा आरएक्स-७. माझदा म्हटल्यावर आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांपुढे स्वराज माझदाची शाळेची बस येईल (२०११ मध्ये त्या कंपनीचं नावच बदललं), पण ही बस नव्हे. 'द फास्ट अँड द फ्युरियस' (२००१) मध्ये विन डिझेलकडे असलेली लाल गाडी आणि 'टोकियो ड्रिफ्ट' (२००६) मधली हानची केशरी-काळी गाडी, ती ही. तिचं तिसरं मॉडेल, ज्याला शौकीन लोक 'एफडी' म्हणतात, जपानमध्ये १९९१ च्या अखेरीस आलं आणि २००२ मध्ये बंद झालं. इंजिन फक्त १३०८ सीसीचं. तरी सुरुवातीला २५५ आणि १९९९ नंतर २८० पीएस पॉवर. वजन १३०० किलोच्या आसपास. आकडे पाहून कुणीही प्रेमात पडेल.

पण या इंजिनात पिस्टनच नाही. हे वांकेल रोटरी इंजिन. शेंगदाण्याच्या शेंगेसारखी मधे किंचित दबलेली पोकळी, आणि तिच्यात फिरणारा फुगीर बाजूंचा त्रिकोण, म्हणजे रोटर. असे दोन रोटर. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाला धातूची एक बारीक पट्टी असते, तिला अ‍ॅपेक्स सील म्हणतात. एफडीमध्ये तिची जाडी २ मिलिमीटर. पिस्टन रिंगचं जे काम, तेच हिचं. पण पिस्टन रिंग सतत तेलात भिजलेली असते आणि हिच्या नशिबात ते सुख नाही. म्हणून एक छोटा पंप मुद्दाम थोडं थोडं इंजिन ऑइल आत सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं.

याचा अर्थ लक्षात घ्या. ही गाडी ऑइल 'खाते', आणि ते बिघाड म्हणून नाही, तशी ती बनवलीच आहे. साध्या गाडीचा मालक सर्व्हिसिंग ते सर्व्हिसिंग डिपस्टिक बघत नाही. आरएक्स-७ चा मालक पेट्रोल भरताना बघतो. त्यातले जाणकार ५००० किलोमीटरच्या आतच ऑइल बदलतात. थंड इंजिन चालू करून गाडी दहा फूट पुढे घेतली आणि लगेच बंद केली, असंही ते करत नाहीत. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त जातं, ते आतला तेलाचा पातळ थर धुऊन टाकतं, कॉम्प्रेशन पडतं आणि मग पुढच्या वेळी स्टार्टर नुसता फिरत राहतो. पार्किंगमध्ये गाडी जरा बाजूला घे म्हटलं तर हा मालक आधी दहा मिनिटांचा हिशोब मांडणार!

आता या गाडीवर आपला लाडका प्रयोग करू. सायलेन्सर बदलू. नुसता सायलेन्सर नाही, टर्बोपासून मागपर्यंत पूर्ण एक्झॉस्ट मोकळा करू. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकू. आवाज काय येईल!

आवाज येतोच. पण आणखीही काही होतं. एक्झॉस्टमधला अडथळा कमी झाला की टर्बाइनला जास्त जोर मिळतो. जादा वायू बाजूने सोडून देण्यासाठी वेस्टगेट नावाची झडप असते, पण एफडीमध्ये तिचं भोक लहान आहे. ते ठरावीक प्रवाहासाठी काढलेलं आहे. प्रवाह वाढला की झडप पूर्ण उघडूनही पुरत नाही आणि बूस्ट ठरवलेल्या मर्यादेच्या वर सरकायला लागतो. कुणी बूस्ट वाढवलेला नसतो, तो आपोआप वाढतो. हवा जास्त झाली म्हणजे पेट्रोलही जास्त हवं. कंपनीच्या ईसीयूमधला नकाशा मात्र मूळ गाडीसाठी लिहिलेला असतो आणि इंजेक्टरही त्याच मापाचे. मिश्रण पातळ होतं, तापमान चढतं, नॉकिंग सुरू होतं. पिस्टन इंजिन थोडं नॉकिंग कण्हतकुंथत सहन करतं. २ मिलिमीटरच्या पट्टीला ते झेपत नाही. ती तुटते. तुटलेला तुकडा एक्झॉस्टमधून बाहेर पडतो आणि वाटेत टर्बोची पाती असतात.

म्हणजे सायलेन्सर बदलला आणि इंजिन आणि टर्बो दोन्ही गेले. फायनल इयरला येईपर्यंत आपण थर्मोडायनामिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स आणि आयसी इंजिन असे तीन वेगवेगळे पेपर तीन वेगवेगळ्या सेमिस्टरला देऊन विसरलेलो असतो. या एका नळीत ते तिन्ही विषय एकत्र येतात.

मला म्हणायचं ते इतकंच. कारखान्यातून निघालेल्या गाडीतला प्रत्येक आकडा हा इतर दहा आकड्यांशी केलेला करार असतो. वेस्टगेटचं भोक, इंजेक्टरचं माप, रेडिएटरचा आकार, ईसीयूतला नकाशा, सगळे एकमेकांना धरून उभे असतात. तुम्ही त्यातला एक बदललात की उरलेल्यांची जबाबदारी कंपनीच्या डिझायनरकडून काढून स्वतःच्या डोक्यावर घेतलीत. घ्या ना, कुणी नको म्हटलंय? पण मग ती पेलण्याचीही तयारी हवी. कॉलर ताठ करायची तुम्ही आणि इंजिन फुटलं की दोष कंपनीचा, असं कसं चालेल?

यावर कुणी म्हणेल, म्हणजे काही बदलायचंच नाही का? कंपनी सांगेल तेच खरं? अजिबात नाही. आरएक्स-७ चे जाणते मालक भरपूर बदल करतात. फक्त त्यांचा क्रम बघा.

सगळ्यात आधी कॉम्प्रेशन टेस्ट. तीही साध्या गेजने नाही, कारण एका रोटरला तीन बाजू असतात आणि साधा गेज त्यातला सगळ्यात मोठा आकडाच दाखवतो. तिन्ही आकडे वेगळे दाखवणारा टेस्टर लागतो. (ओरलला विचारायला छान प्रश्न: एक अ‍ॅपेक्स सील गेलं तर किती चेंबरचं कॉम्प्रेशन पडेल? उत्तर दोन, कारण ते दोन चेंबरच्या मधली भिंत असतं.) मग व्हॅक्यूमच्या नळ्या. या गाडीला दोन टर्बो आहेत. पहिला खालच्या आरपीएमवर काम करतो आणि साधारण ४५०० आरपीएमला दुसरा येऊन मिळतो. हा मेळ घालायला इनटेक मॅनिफोल्डखाली रबरी नळ्यांचं एवढं जंजाळ आहे की शौकीन लोक त्याला उंदराचं घरटं म्हणतात. उष्णतेने रबर कडक होतं, एखादी नळी तडकते आणि दुसरा टर्बो येईनासा होतो. त्या सगळ्या नळ्या काढून सिलिकॉनच्या बसवणं हे काही दिवसांचं, कंटाळवाणं काम. त्यातून एक बीएचपीही वाढत नाही. जी हरवली होती तेवढी परत मिळते.

मग कूलिंग. कूलंटमधली हवा वेगळी करणारी एक छोटी प्लास्टिकची टाकी या गाडीत आहे. वर्षानुवर्षं तापून ती तडकते, पाणी जातं, इंजिन तापतं, आतली कूलंटची सीलं जळतात आणि इंजिन पूर्ण उतरवावं लागतं. म्हणून अनेक जण ती काढून अ‍ॅल्युमिनियमची बसवतात. रेडिएटर मोठा घेतात. हेही मॉडिफिकेशनच आहे की! फक्त ते बॉनेटखाली असतं आणि आवाज करत नाही. त्यानंतर नीट मोजणारी मीटरं, ब्रेक, टायर. मग प्रोग्राम करता येणारा ईसीयू आणि मोठे इंजेक्टर. वेस्टगेटचं भोक मोठं करून घेणं. आणि हे सगळं झाल्यावर, शेवटी, एक्झॉस्ट. जिथून आपण सुरुवात करतो, ते यांच्या यादीत तळाला.

देखभालीला कमी लेखणाऱ्यांसाठी माझदाचीच एक गोष्ट. १९६० च्या दशकात रोटरी इंजिन बनवायला घेतलं तेव्हा अ‍ॅपेक्स सील हाउसिंगच्या आतल्या पृष्ठभागावर थरथरून ओरखडे काढायचं. त्या ओरखड्यांना तिथे सैतानाच्या नखांचे व्रण म्हणत. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या इंजिनिअरांनी त्या पट्टीचं मटेरियल बदलून बदलून हा प्रश्न सोडवला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. पुढे १९९१ मध्ये माझदाच्या चार रोटरच्या ७८७बी ने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. त्या शर्यतीतली सगळ्यात वेगवान गाडी ती नव्हती. पुढे असलेली मर्सिडीज शेवटच्या काही तासांत इंजिन तापून थांबली आणि माझदा चालत राहिली. एवढंच.

आता आपल्याकडे वळू. आपल्यापैकी कुणी उद्या आरएक्स-७ घेणार नाही, हे मलाही कळतं. पण वृत्ती तीच आहे. बुलेटला फटाके फोडणारा सायलेन्सर लावायचा आणि चेन कोरडी खडखडीत! टायर गुळगुळीत झालेत, ब्रेक शू संपलेत, पण टाकीवर नवं स्टिकर. पोलीस असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात, त्याचे फोटो पेपरात येतात आणि आपण हसून पान उलटतो. कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जपानमध्येही मॉडिफाय केलेल्या गाडीला तपासणीतून सुटका नाही. नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी, आणि त्यात आवाजही मोजतात. कायदा जाचक आहे की योग्य, यावर वाद होऊ शकतो. पण 'आम्हाला बदल करू द्या' असं म्हणण्याआधी 'आम्ही सांभाळू शकतो' हे दाखवायला नको का?

आणि हे गाड्यांपुरतंच राहत नाही. प्लेसमेंटला मेंटेनन्स डिपार्टमेंटचं नाव काढलं की चेहरे पडतात. सगळ्यांना डिझाइन हवं, नाहीतर सरळ सॉफ्टवेअर. प्रोजेक्टला नवं काहीतरी 'बनवायचं' असतं. वर्कशॉपमधलं जुनं लेथ का थरथरतं ते शोधून काढलं तर त्याला कुणी प्रोजेक्ट म्हणणार नाही. सर, मॅडम, हे तुमच्यासाठीही आहे. एखाद्या ग्रुपने एक बंद पडलेलं मशीन वर्षभर नीट चालवून दाखवलं, रोजची नोंद ठेवली, तर त्याला पूर्ण मार्क का मिळू नयेत? त्यात फेल्युअर अ‍ॅनालिसिस आहे, मटेरियल आहे, मोजमाप आहे. फक्त शेवटी रंगीत मॉडेल नाही.

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे हा लेख लिहिताना 'मेंटेनन्स'ला शब्द शोधत होते. देखभाल सापडला, पण मला आवडला तो 'निगा'. निगा आपण बाळाची राखतो, म्हाताऱ्या माणसाची राखतो, झाडाची राखतो. माझदाने २०२० मध्ये जुन्या आरएक्स-७ चे बंद झालेले काही पार्ट पुन्हा बनवून विकायचं जाहीर केलं, ते कुणासाठी? ज्यांनी वीस-तीस वर्षं त्या गाडीची निगा राखली त्यांच्यासाठी. नुसती पॉवर वाढवून इंजिन फोडणाऱ्यांच्या गाड्या तोवर भंगारात गेल्या होत्या.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या टेक-फेस्टला मॉडिफाइड गाड्यांचं प्रदर्शन भरलं की मालकाला बीएचपी विचारू नका. शेवटचं ऑइल कधी बदललं ते विचारा. तारीख सांगता आली तर बॉनेट उघडायला सांगा आणि तासभर तिथेच थांबा, खूप शिकायला मिळेल. नाही सांगता आली, तर एक फोटो काढा आणि पुढच्या गाडीकडे चला.