जागा नाही, म्हणे!

आमच्या मामाकडे आजीच्या ओव्या होत्या. जात्यावरच्या. जातं घरातून केव्हाच गेलं होतं, पण आजीला ओव्या तोंडपाठ होत्या आणि मामानं दुपारी तिच्याजवळ बसून त्या छोट्या रेकॉर्डरवर उतरवून घेतल्या होत्या. सगळ्या एका १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर. पुढे आजी गेली, रेकॉर्डरही बिघडला. मग मामेबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आला आणि तो त्याच पेनड्राइव्हवर घ्यायला मामा बसला. पेनड्राइव्ह निम्म्याहून जास्त रिकामा होता. तरी पडद्यावर चौकट आली : डिस्कवर पुरेशी जागा नाही, एक किंवा अधिक फायली काढून टाका आणि पुन्हा प्रयत्न करा.

मामा शाळेत क्लार्क होता. वरून आलेलं परिपत्रक पाळण्यात त्याची हयात गेलेली. त्यानं एक फाइल काढली, पुन्हा प्रयत्न केला. दुसरी काढली, पुन्हा प्रयत्न. संध्याकाळपर्यंत ओव्या संपल्या आणि व्हिडिओ काही गेला नाही. पेनड्राइव्हवरून काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला सांगितलं तोवर त्यानं त्या जागेवर बारशाचे फोटो भरून ठेवले होते. मी चिडलो, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "अरे, मशीनच म्हणालं ना, काढून टाका म्हणून."

खरं कारण काय होतं? पेनड्राइव्ह 'फॅट३२' पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता. या पद्धतीत फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचा रकाना असतो, म्हणून एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही. व्हिडिओ त्याहून मोठा होता. अख्खा पेनड्राइव्ह मोकळा केला असता तरी तो मावला नसता. व्हिडिओचे दोन तुकडे करायचे, किंवा ओव्या आधी दुसरीकडे उतरवून पेनड्राइव्ह 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करायचा, एवढंच काम होतं. संदेशानं नेमकं उलट सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण ऐकलंय. इथं नाचता येईना म्हणून अंगण खणायला लावलं!

यावर प्रोग्रॅमर मित्रांचं ठरलेलं उत्तर असतं : सामान्य माणसाला तांत्रिक कारण सांगून काय उपयोग? तो संदेश वाचतच नाही. माझा मामा वाचत होता. अक्षर न् अक्षर वाचून पाळत होता. घात त्यानंच झाला.

आणि यंत्राला कारण माहीत नसतं, असंही नाही. लिनक्सचं उदाहरण घ्या. लिहिणं फसलं की ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅमला एक आकडा देते. परवानगी नसेल तर १३, फाइल फार मोठी असेल तर २७, जागा संपली असेल तर २८, डिस्क फक्त वाचण्यापुरती असेल तर ३०, नाव फार लांब असेल तर ३६. म्हणजे 'फाइल मोठी' आणि 'जागा नाही' ही शेजारची, पण वेगळी घरं आहेत. तो आकडा मधल्या थरांतून वर येताना कुणीतरी गाळतं आणि आपल्यापर्यंत पोचतं ते 'सेव्ह करता आलं नाही'. कधी आधीच्याच कुठल्यातरी चुकीचा शिळा आकडा दाखवला जातो. युनिक्सवर याच गाढवपणापायी लोकांना 'हा टाइपरायटर नाही' असे संदेश आलेले आहेत, टाइपरायटरचा काही संबंध नसताना.

२८ हा आकडाही दर वेळी सरळ बोलत नाही. डिस्कवर भरपूर गिगाबाइट शिल्लक असतात, पण फायलींची नोंद ठेवणारे आयनोड संपलेले असतात. संदेश तोच : जागा नाही. गोदाम रिकामं आहे, वहीतली पानं संपली आहेत, आणि तुम्ही पोती उचलत बसता.

मराठीत लिहिणाऱ्याला तर दुहेरी मार. लिनक्सवर फाइलच्या नावाला सहसा २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं, देवनागरी चिन्हाला यूटीएफ-८मध्ये तीन लागतात. एकटा 'स्त्री' हा शब्द १८ बाइट खातो. एकूण ८५ चिन्हांत खेळ संपतो. एक्सेलमध्ये मराठी तक्ता साध्या सीएसव्हीत सेव्ह करा. 'काही वैशिष्ट्यं गमावली जाऊ शकतात' अशा अर्थाची सूचना येते. वैशिष्ट्यं? फाइल पुन्हा उघडली की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. माझी भाषा हे त्यांच्या लेखी एक वैशिष्ट्य, गेलं तर गेलं. यूटीएफ-८ सीएसव्ही असा वेगळा पर्याय तिथंच असतो, पण ती सूचना त्याचं नाव काढत नाही.

लॉगिन करताना पासवर्ड चुकला की नाव, हे मुद्दाम सांगत नाहीत. चोराला मदत होऊ नये म्हणून. ते मान्य. पण माझ्या घरात माझीच फाइल ठेवताना चोर कोण?

मागणी फार मोठी नाही. काय फसलं, का फसलं, आणि माझं काम आत्ता कुठं आहे, एवढं सांगा. कारण माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा, त्यात कमीपणा नाही. आणि खात्री असल्याशिवाय कुणाला 'काढून टाका' म्हणू नका. डॉक्टर निदानाआधी पाय कापत नाही.

तोवर आपण एक पथ्य पाळू. सेव्ह होत नसेल तर खिडकी बंद करायची नाही आणि काहीही पुसायचं नाही. आधी दुसऱ्या ठिकाणी, छोट्या नावानं सेव्ह करून पाहायचं. तेही जमलं नाही तर मजकूर कॉपी करून कुठंतरी चिकटवायचा. मग कारण शोधायचं.

मामानं तो पेनड्राइव्ह अजून ठेवलाय. लग्नाचा व्हिडिओ नंतर दुसऱ्या डिस्कवर गेला, मजेत चालतो. त्यात एका पंगतीत आजी दिसते, पण तिचा आवाज बँडखाली दबलेला आहे.